भुकेचा माग मेंदूत काढणारे डॉ. बालकृष्ण आनंद

नवी दिल्ली : भूक पोटात लागते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. पोटात कावळे ओरडतात, पोटात आगडोंब उसळतो, पोटाची खळगी भरावी लागते. भाषेतले असे सारे वाक्प्रचार भुकेचे घर पोटातच दाखवतात. १९५१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी मात्र या भुकेचे सूत्र मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा भागात दाखवून दिले. या प्रयोगांमागे दोन नावे होती. एक अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन ब्रोबेक यांचे आणि दुसरे दिल्लीहून तेथे गेलेल्या डॉ. बालकृष्ण आनंद यांचे. भारतातील आधुनिक चेताशरीरक्रियाशास्त्राचे संस्थापक म्हणून आनंद यांचे नाव घेतले जाते. मेंदूतील नेमक्या जागी पोहोचून उपचार करण्याची जी विद्या आज कंपवातासारख्या आजारात वापरली जाते, तिच्या पायाशी असलेल्या मूलभूत संशोधनाची परंपरा दिल्लीत रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

लाहोर ते दिल्ली

आनंद यांचा जन्म १९१७ मध्ये लाहोर येथे झाला. त्या काळी लाहोर हे उत्तर भारतातील शिक्षणाचे मोठे केंद्र होते आणि तेथील किंग एडवर्ड वैद्यकीय महाविद्यालयाचा लौकिक दूरवर पसरला होता. याच महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. वैद्यकीय पदवीधराने दवाखाना थाटावा, रुग्ण तपासावेत आणि प्रतिष्ठा मिळवावी, हीच तेव्हाची रूढ वाट होती. आनंद यांनी शरीरक्रियाशास्त्राची वाट धरली. या विषयात ना रुग्णांची गर्दी होती, ना फारशी मिळकत. वैद्यकाच्या पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यांना शिकवायचा एक प्राथमिक विषय एवढेच त्याचे स्थान होते. त्यात स्वतंत्र संशोधन होऊ शकते, ही कल्पना देशातील मोजक्याच महाविद्यालयांत होती.

१९४७ मध्ये फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. पंजाबातील असंख्य शिक्षक, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ ज्या दिल्लीत नव्याने उभे राहिले, त्याच दिल्लीत आनंद यांचीही पुढची कारकीर्द घडली. १९४९ मध्ये ते लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. केवळ महिलांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी १९१६ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा राजधानीतील वैद्यकीय शिक्षणाचे प्रमुख ठिकाण होती. पुढच्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते येल विद्यापीठात दाखल झाले.

दोन ठिपक्यांची कहाणी

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगत, हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. मराठीत त्याला अधश्चेतक म्हणतात. माणसात त्याचे वजन जेमतेम चार ग्रॅम भरते, पण शरीराचे तापमान, तहान, झोप आणि अनेक संप्रेरकांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. या भागाच्या मध्यालगत इजा झाली तर उंदीर अधाशासारखे खात सुटतात आणि कमालीचे लठ्ठ होतात, हे १९४० च्या सुमारास अमेरिकेत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवून दिले होते. ब्रोबेक हे याच रॅन्सन यांच्या प्रयोगशाळेत घडले होते. खाणे थांबवणारी काही यंत्रणा मेंदूत आहे, एवढे यावरून कळत होते. मग खाणे सुरू करणारी यंत्रणा कोठे आहे, हा प्रश्न अनुत्तरित होता.

उंदराच्या मेंदूत एवढ्या सूक्ष्म जागी नेमके पोहोचायचे तर डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. लंडनमध्ये १९०८ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी त्यासाठी एक चौकट तयार केली होती. प्राण्याचे डोके तिच्यात घट्ट बसवले जाते. मग पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन अक्षांवर मिलिमीटरच्या अंशांत मोजून बारीक विद्युत्-अग्र हव्या त्या बिंदूवर उतरवता येते. नकाशावर अक्षांश-रेखांश पाहून गाव शोधावे, तसाच हा प्रकार आहे. येलमध्ये आनंद यांनी याच चौकटीच्या साहाय्याने उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये ठिकठिकाणी सूक्ष्म इजा केल्या आणि प्रत्येक उंदीर किती खातो याची नोंद ठेवली.

या नोंदींतून निघालेला निष्कर्ष लख्ख होता. हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागात, दोन्ही बाजूंना, ठरावीक जागी लहानशी इजा झाली की उंदीर खाणे पूर्णपणे सोडून देत. समोर अन्न असूनही ते त्याला तोंड लावत नसत आणि उपासमारीने मरत. इजा एकाच बाजूला असेल तर मात्र काहीच बिघडत नसे. मधल्या भागातील इजेमुळे आधीच अधाशी झालेल्या उंदरांनाही कडेच्या भागात इजा केली, तर त्यांचेही खाणे बंद पडे. याचा अर्थ असा की, मधला भाग लगामाचे काम करतो आणि कडेचा भाग खाण्याची प्रेरणा देतो. प्रेरणाच नाहीशी झाली तर लगाम असो वा नसो, काही फरक पडत नाही. कडेच्या या भागाला त्यांनी अन्नसेवन केंद्र असे नाव दिले. १९५१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

एखादा भाग नष्ट केल्याने एखादी क्रिया थांबते, एवढ्यावरून ती क्रिया तेथूनच चालते असे सिद्ध होत नाही. उलट बाजूनेही पुरावा हवा असतो. येलमध्येच स्पॅनिश शास्त्रज्ञ होसे डेल्गाडो यांच्यासह आनंद यांनी मांजरांच्या मेंदूत विद्युत्-अग्रे बसवून हाच कडेचा भाग सौम्य विद्युत्प्रवाहाने उत्तेजित केला. त्यानंतर मांजरांचे खाणे वाढले. १९५३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. एकाच जागेला इजा केली की खाणे थांबते आणि तिला चेतवले की खाणे वाढते, असे दुहेरी प्रमाण आता हाती आले होते.

अमेरिकेतील प्रयोगशाळांत संधींची वाण नव्हती. तरीही शिष्यवृत्तीचा काळ संपल्यावर आनंद दिल्लीला परतले.

एम्समधील प्रयोगशाळा

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच एम्स, अस्तित्वात आली. शिक्षण, उपचार आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली व्हावीत, असा या संस्थेमागील विचार होता. तिच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची उभारणी आनंद यांच्याकडे आली. पुढे ते संस्थेचे अधिष्ठाताही झाले.

या विभागात त्यांना लाभलेले सर्वात मोलाचे सहकारी म्हणजे डॉ. बलदेव सिंग. मूळचे रुग्ण तपासणारे डॉक्टर असलेले बलदेव सिंग पुढे भारतातील चेतारोगशास्त्राचे एक प्रवर्तक ठरले. मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख वाचण्याचे त्यांचे कौशल्य आणि प्राण्यांवरील प्रयोगांतली आनंद यांची हातोटी यांचा मिलाफ दिल्लीत घडून आला. रुग्णाच्या खाटेशी पडणारा प्रश्न प्रयोगशाळेत न्यावा आणि तेथील उत्तर पुन्हा खाटेशी आणावे, ही आज सर्वत्र वाखाणली जाणारी पद्धत या जोडीने तेव्हाच अंगीकारली होती. जी. एस. छिना आणि के. एन. शर्मा यांच्यासारखे तरुण संशोधकही या कामात सहभागी झाले.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न अधिक खोल होता. मेंदूतील या केंद्रांना पोट भरले आहे की रिकामे आहे, हे कळते तरी कसे? दिल्लीतील प्रयोगांनी दोन वाटा पुढे आणल्या. पहिली वाट जठराची. जठर ताणले गेले की त्याचा संदेश चेतांमार्फत मेंदूकडे जातो आणि तृप्तीच्या केंद्रातील विद्युत्-हालचाल बदलते, हे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले. दुसरी वाट रक्ताची. रक्तातील ग्लुकोज वाढले की तृप्तीच्या केंद्रातील हालचाल वाढते आणि अन्नसेवन केंद्रातील हालचाल मंदावते. ग्लुकोज घटले की याच्या उलट घडते. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांचा हा शोधनिबंध १९६२ मध्ये सायन्स या जगविख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांत याच चमूने एकेका चेतापेशीचे विद्युत्-संदेश टिपून हे निरीक्षण आणखी पक्के केले. रक्तातील साखरेवरून मेंदू भुकेचा अदमास घेतो, हा तर्क अमेरिकेत ज्याँ मेयर यांनी मांडला होता. त्याला प्रत्यक्ष मेंदूतून मिळालेला भक्कम पुरावा दिल्लीतून आला. परकीय चलनाची टंचाई असलेल्या आणि उपकरणांच्या सुट्या भागांसाठीही वाट पाहावी लागणाऱ्या त्या काळात हे घडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

योग्यांच्या दाव्यांची पारख

आनंद यांच्या कारकिर्दीतील दुसरा मोठा अध्याय योगाभ्यासाशी निगडित आहे. योगक्रियांची शास्त्रीय तपासणी करण्याची परंपरा मराठी वाचकांना परिचित आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगमीमांसा या नियतकालिकातून अशी निरीक्षणे प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. आनंद यांनी या विषयाला चेताशास्त्राची आधुनिक उपकरणे जोडली.

काही योगी हृदय थांबवून दाखवतात, असा दावा त्या काळी देशोदेशी कुतूहलाचा विषय झाला होता. अमेरिकेतून आलेले मॅरियन वेंगर आणि बसू बागची यांच्यासह आनंद यांनी असे दावे करणाऱ्यांची तपासणी केली. छातीला लावलेल्या नळीतून ठोके ऐकू येईनासे होत किंवा मनगटावरची नाडी लागेनाशी होई, हे खरे होते. हृदयाचा विद्युत्-आलेख मात्र अखंड चालू असे. श्वास रोखून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून छातीतील दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि ठोके क्षीण होतात. हृदय थांबत नव्हते. त्याचा आवाज तेवढा हरवत होता. हा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरीकडे, काही दावे तपासणीत टिकलेही. रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत काही तास बसवून त्यांच्या श्वासोच्छ्वासाचे मोजमाप करण्यात आले. पूर्ण विश्रांतीत शरीराला किमान जेवढा प्राणवायू लागतो, त्याहूनही बराच कमी प्राणवायू वापरून ते राहू शकले. ध्यानाचा दीर्घ अभ्यास असलेल्या चार योग्यांच्या मेंदूचे विद्युत्-आलेखही घेण्यात आले. जागा माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की त्याच्या मेंदूत अल्फा नावाच्या लहरी दिसतात आणि प्रखर प्रकाश पडला किंवा मोठा आवाज झाला की त्या तत्काळ मोडतात. या योग्यांच्या बाबतीत ध्यानाच्या काळात प्रखर प्रकाश, धडाम्‌दिशी केलेला आवाज, तापवलेल्या काचनळीचा स्पर्श यांपैकी कशानेही त्या मोडल्या नाहीत. ध्यानात नसताना मात्र त्याच व्यक्तींच्या लहरी अशा उद्दीपनांनी मोडत होत्या. अन्य दोन योग्यांनी बर्फासारख्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात बुडवून ठेवला, तेव्हाही त्यांच्या अल्फा लहरी कायम होत्या.

या कामात आनंद यांनी श्रद्धेची बाजू घेतली नाही आणि उपहासाचीही घेतली नाही. उपकरणाने जे दाखवले ते लिहिले. जे दाखवले नाही ते लिहिले नाही. मोजक्या व्यक्तींवरील या निरीक्षणांवर पुढे आक्षेपही घेतले गेले आणि मोठ्या संख्येने तपासणी करण्याची गरज व्यक्त झाली. तरीही ध्यान आणि मेंदू यांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना दिल्लीतील १९६१ चा हा शोधनिबंध आजही आरंभीच्या टप्प्यांत गणला जातो.

केंद्र की जाळे?

विज्ञानात कोणताही शोध अखेरचा नसतो आणि आनंद यांच्या शोधालाही ही कसोटी चुकली नाही. कडेच्या भागात इजा झालेल्या उंदरांना नळीने अन्न देऊन जगवले, तर काही काळाने ते पुन्हा आपणहून खाऊ लागतात, हे अमेरिकेत १९५४ मध्येच दिसून आले. १९७१ मध्ये स्वीडनमधील उर्बान उंगरश्टेट यांनी आणखी गंभीर प्रश्न उभा केला. हायपोथॅलॅमसच्या या भागातून डोपामिन वाहून नेणारे चेतातंतू जातात. ते रसायनाच्या साहाय्याने नष्ट केले तरीही उंदीर खाणेपिणे सोडतात. मग १९५१ च्या प्रयोगात नेमके काय नष्ट झाले होते, तेथील पेशी की तेथून केवळ जाणारे तंतू? स्थानकाला आग लागली म्हणून गाड्या थांबल्या की रूळ उखडल्यामुळे, असाच हा पेच होता.

या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी काही दशके लागली. तंतूंना धक्का न लावता केवळ पेशी मारणारी रसायने वापरल्यावर लक्षात आले की, दोहोंचाही वाटा आहे. १९९८ मध्ये याच कडेच्या भागातील पेशींमध्ये ओरेक्सिन हे रसायन सापडले. भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पुढे लवकरच, या पेशी नाहीशा झाल्या की माणसाला अनावर झोपेचा नार्कोलेप्सी हा विकार होतो, हेही स्पष्ट झाले. आज शास्त्रज्ञ एकाच केंद्राऐवजी अनेक पेशीसमूहांच्या जाळ्याचा विचार करतात. पण त्या जाळ्यातली एक महत्त्वाची गाठ तेथेच आहे, जेथे आनंद यांनी बोट ठेवले होते.

उपचारांच्या बाबतीतही हा धडा महत्त्वाचा ठरला. १९७४ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी अतिलठ्ठ रुग्णांच्या मेंदूत याच जागी सूक्ष्म इजा करून भूक कमी करण्याचा प्रयत्न केला. परिणाम अल्प होता आणि तो टिकलाही नाही. मेंदूतला भाग कायमचा नष्ट करण्याची ही वाट पुढे मागे पडली. त्याऐवजी विद्युत्-अग्राने उत्तेजन देणारी, हवी तेव्हा बंद करता येणारी पद्धत पुढे आली. फ्रान्समध्ये १९८७ च्या सुमारास आलिम-लुई बेनाबिद यांनी कंपवातासाठी तिचा पाया घातला आणि आज एम्ससह देशातील अनेक रुग्णालयांत ती वापरली जाते. तिच्यातही डोके चौकटीत बसवून, तीन अक्षांवर मोजून, काही मिलिमीटरच्या लक्ष्यावर अग्र उतरवले जाते.

चेतापेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारी प्रथिने निर्माण करून त्या प्रकाशानेच चालू-बंद करण्याचे तंत्र गेल्या दोन दशकांत विकसित झाले. त्याच्या साहाय्याने उंदरांतील अन्नसेवनाच्या मार्गांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. हेच तंत्र डोळ्यांच्या विकारांकडेही वळले आहे. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक ऱ्हासाने अंध झालेल्या एका रुग्णाला या मार्गाने अंशतः दिसू लागल्याचे युरोपातील संशोधकांनी २०२१ मध्ये जाहीर केले. मेंदू आणि डोळा यांच्या संशोधनातील अंतर असे कमी होत चालले आहे. मुळात दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला विस्तार आहे.

वारसा

आनंद यांना १९६३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७४ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांची सव्विसावी आंतरराष्ट्रीय परिषद नवी दिल्लीत भरली. अशा परिषदेसाठी दिल्लीची निवड होणे, ही अवतारसिंग पैंतल आणि आनंद यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उभ्या केलेल्या कामाची पावती होती. निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांनी सांभाळले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच दिल्ली परिसरातील या क्षेत्राचा विस्तार झाला होता. १९६५ मध्ये प्रकाश नारायण टंडन एम्समध्ये आले आणि तेथे चेताशल्यचिकित्सा विभाग उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, त्याच परिसरात नेत्रविज्ञानासाठी डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्र सुरू झाले. टंडन यांच्या पुढाकाराने साकारलेले राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र गुरुग्रामजवळच्या मानेसर येथे उभे राहिले आणि २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले.

आजच्या उपचारांची चर्चा होते तेव्हा लक्ष यंत्राकडे, औषधाकडे किंवा शल्यचिकित्सकाच्या कौशल्याकडे जाते. ते यंत्र मेंदूत नेमके कोठे पोहोचवायचे, हे आधी कोणीतरी शोधलेले असते. त्यासाठी उंदरांच्या खाण्याच्या रोजच्या नोंदी ठेवाव्या लागतात, फसलेले प्रयोग पुन्हा करावे लागतात आणि हाती आलेला निष्कर्ष उद्या कोणीतरी दुरुस्त करील, याची तयारी ठेवावी लागते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांत डॉ. बालकृष्ण आनंद यांनी दिल्लीत हे काम केले आणि ते पुढे नेणारी माणसेही घडवली.